बोकडाच्या पैशाचा रणगाडा

मागच्या पौषात आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नेवासे तालुक्यात, मुळेच्या उजव्या कालव्यावरच्या एका गावी दिलेली. घरची आठ एकर बागायत, ऊस, कांदा, दोन म्हशी आणि आक्काच्या स्वतःच्या पाच-सहा शेळ्या. आक्का फोनवर कधी रडत नाही, त्या दिवशी मात्र आवाज बदललेला होता.

"भाऊ, तू शिकल्याला माणूस. येऊन ह्या पोराला दोन शब्द सांग. त्याच्या नावाचा बोकड इकला आन् नऊ हजाराचं ख्योळणं आणलंय. त्याचा बाप त्याच्याशी बोलंना, दाजी तर कोणाशीच बोलंनात."

पोर म्हणजे तिचा नातू, अकरावी सायन्सचा. मला मामाआजोबा म्हणतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. होऊन मी या खात्यात लागलो, त्याला तीस वर्षे झाली. भांडणे मिटवणे हे आमच्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलेले नसते, पण विस्तार अधिकाऱ्याचा निम्मा जन्म त्यातच जातो. रविवारी निघालो.

पडवीत खाटेवर धोतराचे फडके अंथरून त्यावर सगळा संसार मांडला होता. प्लॅस्टिकचे शे-दोनशे सुटे भाग, दोन बोटभर मोटारी, पितळी दात्यांची छोटी गिअरपेटी, तारा, एक हिरवी पाटी, एक बॅटरी आणि दोन दांड्यांचा रिमोट. पोर मान खाली घालून बसले होते. पलीकडे दाजी भिंतीकडे तोंड करून बसलेले. मी रामराम घातला. "या पाव्हणं" एवढेच म्हणाले.

दाजींविषयी सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे कळायचे नाही. दाजी १९७२ साली फौजेत, रणगाड्यांच्या तुकडीत भरती झाले आणि पंधरा वर्षांनी दफादार म्हणून पेन्शनवर आले. शिकले ते आपल्या नगरलाच, म्हणजे आता ज्याला अहिल्यानगर म्हणायचे तिथे. रणगाडा चालवणे हे त्यांचे काम. "लढाई म्या पाह्यली न्हाई, लढाईतनं आलेल्या गाड्या धुतल्या," असे ते सांगत. गावात पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा शिकवायला दाजीच. दोन वर्षांमागे गळिताच्या हंगामात अवकाळी पाऊस झाला. फडात उसाची ट्रॉली भरलेली, कारखान्याची तोड आलेली. दाजींनी ओल्या रानातून ट्रॉली ओढायला घेतली. मागची चाके जागेवर फिरत आसापर्यंत रुतली, त्यांनी रेस वाढवली आणि पुढचे तोंड उचलले. त्यांनी उडी टाकली म्हणून वाचले. मनगट मोडले. ट्रॅक्टरचे नुकसान फार नव्हते, पण रागाच्या भरात मुलगा चार लोकांत बोलून गेला, "तुमच्यानं आता हुत न्हाई." दाजींनी खिशातली किल्ली काढून मुलाच्या हातावर ठेवली. त्या दिवसापासून कोणत्याही यंत्राला त्यांनी हात लावला नाही. बांधावरसुद्धा जाईनात.

आणि नातवाने बोकड विकून आणला होता रणगाडाच.

पोराला मी बाजूला घेऊन विचारले, "हेच का आणलंस?" म्हणाले, "आजोबा चालवायचे तो सेंच्युरियन आहे हा. साध्या मॉडेलला रिमोटवर चालवायचा संच मिळतो, तो वेगळा मागवला." एवढेच बोलले. दोन शब्द सांगायला गेलो होतो, ते घशातच राहिले.

अळीचा आणि रणगाड्याचा संबंध

शेतकरी घरात रणगाड्याचे काय काम, असे आमच्या भाच्याप्रमाणे अनेकांना वाटेल. पण वाचकहो, रणगाडा मुळात शेतातूनच रणात गेलेला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात स्टॉकटन गावाजवळ नदीच्या मुखाची भुसभुशीत, पाणथळ जमीन होती. वाफेचे जड ट्रॅक्टर त्यात रुतत. बेंजामिन होल्ट नावाचा यंत्रे बनवणारा माणूस चाके रुंद करीत गेला, इतकी की यंत्र बांधावरून वळेना. शेवटी १९०४ साली त्याने चाके काढून टाकली आणि साखळीवर लाकडी फळ्या ठोकून त्यांचा फिरता पट्टा बसवला. यंत्र आपला रस्ता आपणच पुढे अंथरायचे, त्यावरून जायचे आणि मागून उचलून घ्यायचे. पाहणाऱ्या एकाला ते अळीसारखे सरपटताना दिसले, म्हणून नाव पडले कॅटरपिलर. कॅटरपिलर म्हणजे अळी! मी आयुष्यभर अळीचा बंदोबस्त सांगत हिंडलो, तिच्या नावाने एवढा मोठा धंदा चालतो हे ठाऊक असूनही कधी हसू आले नव्हते, ते त्या दिवशी आले.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी असले होल्टचे ट्रॅक्टर तोफा ओढायला नेले. त्यातूनच कल्पना निघाली की पट्ट्यावर पोलादी पेटी बसवली तर खंदक ओलांडता येतील. १९१५ साली पहिला नमुना तयार केला तो इंग्लंडमधल्या लिंकन गावच्या विल्यम फॉस्टर कंपनीने. ही कंपनी तोवर मळणीयंत्रे आणि शेतीची इंजिने बनवत असे. काम गुप्त राहावे म्हणून कामगारांना सांगितले, पाण्याच्या टाक्या बनवतो आहोत. टँक हे नाव तिथूनच चिकटले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत रणगाडे पहिल्यांदा उतरले. त्यातले बरेच तर वाटेतच बंद पडले. एक रणगाडा चालवून वळवायला चार माणसे लागत. आपल्याकडे नवे यंत्र पहिल्या दिवशी बंद पडले की लगेच नावे ठेवतात, म्हणून हे सांगितले.

आता तुमच्या ओळखीचे उदाहरण घ्या. विहिरीवर, शेततळ्यावर जो पोकलेन येतो, त्याच्या खाली काय असते? पट्टाच. पोकलेनवाला दोन दांडे धरून बसतो. दोन्ही दांडे पुढे, पोकलेन पुढे. डावा सोडला की डावा पट्टा थांबतो, उजवा चालूच राहतो आणि तोंड डावीकडे वळते. एक पुढे एक मागे केला की जागच्या जागी गरगर. याला सुकाणू नाही, चाक वळवणे नाही. रणगाडा असाच वळतो आणि पोराच्या खाटेवरचा हातभर रणगाडाही असाच वळायचा होता.

पेटीत काय काय असते

असा संच म्हणजे दोन मोटारी, त्यांच्या गिअरपेट्या, एक रेडिओ झेलणारी पाटी आणि हातातला रिमोट. साधे मॉडेल कपाटात ठेवायचे असते. हा संच त्याच्या पोटात बसवला की ते चालते. रेडिओवर दुरून वाहन चालवण्याची युक्ती काही आजची नाही. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर पाण्याच्या हौदात छोटी होडी तारेशिवाय चालवून दाखवली होती. हल्ली अशा रिमोटमध्ये २.४ गिगाहर्ट्झ लहरी वापरतात आणि या कमी ताकदीच्या यंत्रांना आपल्या देशात वेगळा परवाना लागत नाही.

गिअरपेटी का लागते ते समजून घेण्यासारखे आहे. आमचे मॉडेल खऱ्याच्या पंचवीसपट लहान, तोफेसकट सुमारे ३९ सेंटिमीटर. खरा सेंच्युरियन ताशी ३५ किलोमीटर जाई. पंचवीसने भागले तर मॉडेलचा खरा वाटावा असा वेग ताशी १.४ किलोमीटर, म्हणजे आपल्या संथ चालीपेक्षाही कमी. छोटी मोटार मात्र मिनिटाला १२ हजार फेरे घेते. ती थेट जोडली तर रणगाडा उंदरासारखा पळेल आणि उंबऱ्याला अडला की बंद पडेल. म्हणून दाते मारून मारून फेरे सुमारे ४५ पटींनी उतरवायचे. फेरे उतरले की जोर वाढतो. हाताच्या रहाटाने पाणी शेंदणाऱ्यांना हे सांगायला नको.

वजनाचाही हिशेब असाच. खरा रणगाडा सुमारे ५२ टन. लांबी पंचवीसपट कमी म्हणजे वजन पंचवीस गुणिले पंचवीस गुणिले पंचवीस, म्हणजे साडेपंधरा हजार पटींनी कमी; उत्तर येते ३ किलो ३०० ग्रॅम. प्लॅस्टिकचा साचा मात्र किलोभरही भरत नव्हता. हलका असल्याने पट्टे घसरत, तोंड उड्या मारी. पोराने पोटात जुने नट-बोल्ट फडक्यात बांधून बसवले आणि वजन दोन किलोपर्यंत नेले. तेव्हा कुठे चाल डौलदार झाली.

चुका सांगतो, कारण त्या झाल्या नसत्या तर मलाही काही कळले नसते. तीन रविवार मी जात होतो. संचाबरोबरचे पत्रक परक्या भाषेत होते, चित्रावरून जुळवायचे.

पहिल्या दिवशी बटण दाबले तर रणगाडा भोवऱ्यासारखा फिरायला लागला. आक्का म्हणाली, "लागिर झालं." दोन्ही मोटारी समोरासमोर बसवल्या की एकीचे उजवे ते दुसरीचे डावे होते, म्हणून सारख्याच तारा जोडल्या की एक पट्टा पुढे, एक मागे. एका मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल केली, लागिर उतरले.

दुसरी चूक महाग पडली. पाटीतून एक बारीक तार बाहेर लोंबत होती. टोकाशी बोटाच्या दोन पेरांएवढा भाग सालाविना. पोराला ते गबाळे वाटले, कापून टाकले. त्यानंतर रणगाडा दोन हातांपलीकडे आज्ञा ऐकेना. ती तार म्हणजे एरियल. लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा सुमारे तीन सेंटिमीटर. नेमके तेवढेच टोक उघडे ठेवलेले असते आणि तेच ऐकते. नवीन तार आणून सोल्डर मारावा लागला. त्या दिवशी मी तार धरून बसलो होतो, बोट भाजले.

तिसरी गोष्ट खेळापुरती नाही, म्हणून सर्वांनी ऐकावी. बॅटरी लिथियमची, दोन सेलची, ७.४ व्होल्ट. पूर्ण भरली की ८.४. पोराने एका रात्री दुसराच कुठला चार्जर लावला आणि झोपले. सकाळी बॅटरी पुरीसारखी फुगलेली. भाग्य म्हणून पेटली नाही. वरच्या माळ्यावर कडबा होता. लिथियम बॅटरी जास्त भरली, चेपली किंवा तिला भोक पडले तर पेट घेते आणि ती आग सहज विझत नाही. जिचा चार्जर तिलाच. गोठ्यात, अंथरुणावर, कडब्याजवळ लावायची नाही. मातीच्या कुंडीत किंवा पत्र्याच्या डब्यात ठेवून, माणूस जागे असताना भरायची. फुगली की पुन्हा वापरायची नाही. आता लिथियमवरचे फवारणी पंपही घरोघर येत आहेत, त्यांनाही हाच नियम. बाईमाणसांनी हे घरात ठणकावून सांगावे, कारण चार्जिंगला लावून बाहेर जायची खोड पुरुषांनाच जास्त.

नगरला जाऊन आलो

पट्टा मात्र जमेना. सरळ चाले, वळताना उतरे. पोर ताणून बसवी, तर मोटार तापे. सैल सोडी, तर उतरे. मी म्हणालो, चल, खराच पाहून येऊ.

आपल्या जिल्ह्याचे हे एक भाग्य आहे आणि आपणच ते विसरतो. नगर हे देशातल्या रणगाडा दलाचे शिक्षणकेंद्र आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल १९४८ पासून इथे आहे. वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था इथेच. आणि फर्‍याबागेच्या परिसरात १९९४ साली सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. जुनी रोल्स-रॉइस चिलखती मोटार, महायुद्धातले माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल आणि शेर्मन, जपान्यांचा बुटका हा-गो, आपला आवडीला बनलेला विजयंता, शत्रूकडून जिंकलेला पॅटन, सगळे झाडाखाली मांडलेले. शिर्डी-शिंगणापूर करून परतणाऱ्यांनी अर्धा दिवस काढावा. लष्कराची जागा आहे, ओळखपत्र जवळ असू द्यावे.

दाजींना चला म्हटले. "मला काय करायचंय," म्हणाले. जीपमध्ये बसताना पाहतो तर टोपी घालून दारात उभे.

सेंच्युरियनसमोर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पुढच्या बाजूला उजवीकडे हात ठेवून म्हणाले, "ही माझी जागा. डायवर उजवीकडं बसतो." त्यानंतर पंधरा वर्षांचे साठलेले बाहेर पडले. इंजिन मीटिअर, मूळ विमानाच्या इंजिनावरून बनवलेले, पेट्रोलवर चालणारे, साडेसहाशे घोड्यांचे. किलोमीटरला चार-पाच लिटर पेट्रोल पिणार. "तुमच्या बुलेटवाल्याला सांगा," म्हणाले. गिअर टाकताना दोनदा क्लच दाबावा लागे, नाहीतर पेटी किंचाळे आणि उस्ताद त्याहून मोठ्याने किंचाळे. वळायला दोन दांडे. डावा ओढला की डावीकडे.

पोराने हळूच विचारले, "आजोबा, पट्टा किती ताणायचा?" दाजी वाकले. झालरपत्र्याखाली हात घालून पट्टा चाचपला. म्हणाले, "सायकलची साखळी कशी ठिवतो? बोटानं दाबली तर थोडी खाली जावी. पार ताणली तर दाते खाती, ढिली ठिवली तर उतरती. आन् वळताना एकदम हिसका द्यायचा न्हाई. थोडं थोडं." एवढ्या साध्या गोष्टीसाठी आम्ही तीन रविवार घालवले होते.

याच जातीचा, पुणे हॉर्स पलटणीचा फमागुस्ता नावाचा सेंच्युरियन घेऊन पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीकाठी लढले. रणगाडा पेटला तरी मागे फिरले नाहीत आणि तिथेच कामी आले. वय २१. मरणोत्तर परमवीर चक्र. तो रणगाडा दुरुस्त करून नगरच्याच केंद्रात जतन केलेला आहे. १९६५ साली याच पलटणीचे कर्नल अर्देशिर तारापोर यांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. दाजींनी तिथे उभ्या उभ्या दोघांची नावे घेतली आणि टोपी काढली. पोरानेही काढली.

परतताना मी त्यांना खेमकरणची गोष्ट विचारली. सप्टेंबर १९६५, पंजाबातले असल उत्तर गाव. पाकिस्तानचे नवेकोरे पॅटन चालून आलेले. आपल्या सैन्याने रात्रीतून कालवे फोडून उसाची शेते भिजवली आणि तीन बाजूंनी उसाच्या आडोशाला दबा धरून बसले. पॅटन त्या चिखलात शिरले आणि मंदावले, काही रुतलेच. त्यांना टिपून काढले. अब्दुल हमीद जीपवरच्या तोफेने रणगाडे उडवत कामी आले ते याच लढाईत; त्यांनाही परमवीर चक्र. दाजी म्हणाले, "आम्हाला शिकवताना उस्ताद सांगायचे, गाडी शत्रूपेक्षा चिखलाला जास्त भेती." आणि मग गप्प झाले. काय आठवले असेल ते मला कळले, मीही बोललो नाही.

चिखलात कोण रुततो

पुढच्या रविवारी अंगणात परीक्षा होती. पट्टा आता बरोबर बसलेला. आक्काने कढीलिंबाजवळचा वाफा भिजवून दिला. तिचाही राग निवळत चालला होता. रणगाडा काळ्या चिखलात घातला. रुतेल असे वाटले होते, पण तो वर वर गेला आणि चार हातांवर थांबला. पाहतो तर चाकांच्या मधल्या फटीत चिखल गच्च बसलेला, पट्टा फिरेना. दाजी म्हणाले, "खरी गाडी रुतती, ही चिकटती."

हे असे का, याचा हिशेब मी पोराच्या वहीत करून दाखवला. जमीन वजन मोजत नाही, वजन किती जागेवर पसरले ते मोजते. खऱ्या सेंच्युरियनचे ५२ टन दोन रुंद पट्ट्यांवर पसरलेले, म्हणून खाली दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.९ किलो. उभ्या बैलाच्या खुराखाली तो किलोच्या वर जातो. म्हणजे एका बाबतीत ५२ टनांच्या रणगाड्यापेक्षा आपला बैल जमिनीला जास्त टोचतो. आमच्या मॉडेलखाली दाब फक्त २२ ग्रॅम, मग ते कशाला रुतेल? ट्रॅक्टरच्या मागच्या रुंद टायरखाली दाब साधारण टायरमधल्या हवेइतका, किलोच्या आसपास. खरी अडचण ट्रॉलीची. तिचे टायर रस्त्याचे, अरुंद, हवा कितीतरी पट जास्त आणि वर टनांनी ऊस.

आणखी एक गोष्ट. वरचा दाब टायरवर ठरतो, पण खोल जमीन किती दबायची ते आसावरच्या एकूण भारावर ठरते. रुंद टायर लावले तरी ओल्या रानात भरलेली ट्रॉली फूटभर खाली कठीण थर करून ठेवते, आणि तो नांगराला लागत नाही. खोडव्याच्या मुळ्या तिथे आडव्या फिरतात, पाणी साचते, आणि आपण खताला दोष देतो. असा थर फोडायचा तर उन्हाळ्यात जमीन पुरती वाळल्यावर सबसॉयलर घालावा, ओलीत नव्हे. आणि वाहने फडात सगळीकडे न फिरवता ठरलेल्या एकाच वाटेने आणावीत.

हा हिशेब चालला असताना भाचा केव्हा येऊन मागे उभा राहिला ते कोणाला कळले नाही. वहीकडे पाहत म्हणाला, "म्हंजे मामा, त्या दिवशी आबांच्या जागी मी असतो तरी रुतलाच असता?"

मी म्हणालो, "कोणीही असता तरी रुतला असता. रानाला वाफसा नव्हता."

दाजींनी ऐकले. ते वाफ्यातल्या रणगाड्याचा चिखल काडीने काढत होते, काढतच राहिले.

दोन दांडे

चाके धुऊन, वंगण देऊन रणगाडा पुन्हा अंगणात ठेवला. पोराने रिमोट आजोबांच्या हातात दिला. दाजींनी दांडी हलवली, रणगाडा थेट तुळशीवृंदावनावर. पुन्हा हलवली, कोंबडीमागे. पोराने सोपे जावे म्हणून सगळे एकाच दांडीवर आणले होते. पुढे-मागे, डावे-उजवे, सगळे एकीत. दाजींनी रिमोट खाली ठेवला. "जमत न्हाई." त्यांचा चेहरा पाहून आक्का आत गेली.

पोर काही न बोलता रिमोट उघडून बसले. जोडणी बदलली. डावी दांडी हात सोडल्यावर मधे येत नव्हती, तिला आतून स्प्रिंग बसवली. अर्ध्या तासाने रिमोट पुन्हा आजोबांसमोर धरला. "आता दोन दांडे, आजोबा. डाव्याला डावा पट्टा, उजव्याला उजवा."

दाजींनी दोन्ही अंगठे ठेवले. "आन् पायानं काय करायचं?" म्हणाले. मग रणगाडा निघाला. सरळ गेला, वृंदावनाच्या कोपऱ्याशी हळू झाला, डावा पट्टा मंदावला, उजवा चालत राहिला, आणि वृंदावनाला एक हात अंतर राखून त्याने पुरी प्रदक्षिणा घातली. हिसका नाही, धक्का नाही. दुसरी घातली. मग उंबऱ्याशी नेऊन जागच्या जागी फिरवला आणि मागे मागे घेत खाटेखाली लावला, तोफ बाहेर ठेवून. मोडलेल्या मनगटाचा हात होता तो.

भाचा दारात उभा होता. तो नुसता पाहत राहिला.

फाल्गुनात पुन्हा जाणे झाले. आदल्या रात्री वळवासारखी सर पडून गेलेली. भाचा ट्रॅक्टर सुरू करून फडाकडे निघाला होता. दाजी ओट्यावरून उठले, खाली उतरून रानात गेले, मूठभर माती उचलली, दाबली आणि टाकली. लाडू फुटला नाही. "उद्या सांच्याला," म्हणाले. भाच्याने इंजिन बंद केले, आणि जाता जाता किल्ली ओट्यावर त्यांच्याजवळ ठेवून आत चहाला गेला.

पोराला आता तोफेचा बुरूज फिरवायची मोटार हवी आहे. चेन्नईजवळ आवडीला संरक्षण खात्याने २०१७ साली मुंत्रा नावाचे माणसाशिवाय चालणारे पट्ट्याचे वाहन दाखवले होते, त्याचे चित्र त्याने गोठ्याच्या भिंतीला लावले आहे. आक्काने मात्र शेळ्या मोजून ठेवल्या आहेत. दोन गाभण आहेत. "पाट झाली तर माझी, बोकड झाला तर बघू," म्हणते.